जतनाची भाषा आणि बिदागीचा हिशेब

गेल्या माघात आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळींच्या संमेलनात रंगभूमीवर एक व्याख्यान झाले. वक्ते पुण्याहून आलेले, व्यासंगी आणि वाणीने गोड होते. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा की, मराठी व्यावसायिक रंगभूमी आता मुंबई-पुण्याच्या चार नाट्यगृहांपुरती उरली आहे. खेड्यापाड्यांत नाटक हा व्यवसाय म्हणून कधी रुजलाच नाही. तेथे जे काही आहे ती लोककला होय, आणि तिचे जतन करणे हे सुशिक्षित समाजाचे कर्तव्य आहे. या शेवटच्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत आमच्यातील वरिष्ठ अधिकारी सपत्नीक बसले होते, मागच्या रांगेत आम्ही लिपिकवर्ग होतो. टाळ्यांपुरता हा श्रेणीभेद राहिला नाही. मीही टाळ्या वाजवल्या, आणि भुयारी रेल्वेने घरी परतताना त्या वाजवल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला.

राग येण्यास कारण होते. ज्या प्रदेशात व्यावसायिक नाटक रुजले नाही असे वक्ते म्हणाले, त्याच प्रदेशात माझे गाव आहे. गावाचे नाव येथे सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल. पुणे-नाशिक महामार्गावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, त्याच्या आसपासचा हा मुलूख. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. एकेका राहुटीवर फडाच्या नावाची पाटी, आत एक टेबल, दिनदर्शिका, पावतीपुस्तक आणि फडमालक. पंचक्रोशीतील गावांचे कारभारी पाच-सहांच्या टोळीने या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, बाया किती, गाड्या किती, वग कोणता, याची चौकशी करतात, भाव करतात आणि विसार देऊन आपल्या जत्रेची रात्र पक्की करतात. यालाच सुपारी म्हणतात. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी अशा तिथींना अनेक गावांच्या जत्रा एकाच दिवशी पडतात. त्या रात्रीचा भाव चढा असतो. आडतिथीला तोच फड कमी पैशांत मिळतो. मागणी, पुरवठा, विसार, करार, स्पर्धा यांतले येथे काय नाही? याला व्यवसाय म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

या धंद्यात फडांचे दोन वर्ग मानतात. पूर्णवेळ फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. हंगामी फड मात्र पाडव्याच्या तोंडावर बांधला जातो आणि उन्हाळ्यातील जत्रा संपल्या की मोडतो. त्यातील ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, मंच उभारणारे गडी हे वर्षाचा उरलेला काळ मजुरी करून किंवा लग्नसराईत वाजंत्री वाजवून काढतात. चैत्र-वैशाखाचे दोन महिने मात्र ते नट असतात. पूर्ण अर्थाने नट, कारण त्या दोन महिन्यांत त्यांचे पोट अभिनयावर असते. मोठ्या फडांविषयी कधीमधी चार ओळी छापून येतात, त्यांच्या मालकांना पुरस्कारही मिळतात. या लहान उन्हाळी फडाविषयी कोणी लिहीत नाही. मी लिहितो आहे ते त्याच्याविषयी.

आमच्याकडे एका नाटक कंपनीला ‘मंडळी’ म्हणतात आणि दुसरीला ‘फड’. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. हा इतिहास आपल्या प्रत्येक संमेलनात उजळला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु या मंडळ्या कशा जगत होत्या? पेट्या, पडदे आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन गावोगाव फिरत होत्या, एका बिऱ्हाडात जेवत होत्या, तिकिटाच्या गल्ल्यावर आणि सावकाराच्या कर्जावर दिवस ढकलत होत्या. फड आज नेमका तसाच जगतो. मंडळीच्या बैलगाडीच्या जागी फडाचा ट्रक आला, एवढाच फरक. मग एकीला आपण रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो आणि दुसऱ्याला लोककला म्हणतो, हे कशाच्या आधारावर? संहितेच्या म्हणाल, तर वगाला संहिता असते. संगीताच्या म्हणाल, तर ढोलकी आणि तुणतुणे हे संगीत नव्हे असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे, पण संमेलनात उच्चारले जात नाही. मंडळीत नट कोणत्या घरांतून आले आणि फडात कोणत्या वस्त्यांतून आले, एवढाच तो आधार आहे. महार, मांग, कोल्हाटी समाजांनी ज्या रंगभूमीला माणसे दिली, तिला आपण रंगभूमी हे नाव दिले नाही.

‘लोक’ हा शब्द गौरवाचा आहे असे मला सांगण्यात येईल. असेलही. मी सरकारी कचेरीत धारिका हलवणारा मनुष्य आहे, आणि शब्द गौरवाचा आहे की नाही हे तो कोणत्या धारिकेवर लिहिला आहे त्यावरून ठरते, एवढे मला अनुभवाने कळते. सांस्कृतिक खात्याच्या धारिकेत हा फड ‘वारसा’ असतो. पोलीस ठाण्याच्या धारिकेत तो ‘उपद्रव’ असतो. कामगारांच्या धारिकेत तो बहुधा नसतोच. ‘जतन’ हा शब्द पहिल्या धारिकेतला आहे. जतन लोणच्याचे करतात, शिलालेखाचे करतात. जो मनुष्य आज रात्री नाचून उद्या सकाळी दुसऱ्या गावी जाणार आहे, त्याला जतन नको, ठरलेले पैसे हवे असतात. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमून ती उठवली. तेव्हाही सरकारची चिंता तमाशाच्या शुद्धतेची होती, तमासगिराच्या चुलीची नव्हती. बंदी घालणारे आणि जतन करणारे हे दोन पक्ष वरवर विरोधी दिसतात. फडाला पैसे देऊन घरी पाठवण्याचा साधा व्यवहार मात्र दोघांनाही सुचत नाही.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण सर्वतोमुखी आहे. प्रयोग चालू असता पडद्यामागे बाळंत होऊन ही बाई पुन्हा मंचावर उभी राहिली, ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून एकमेकांस सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. २००२ साली ती गेली, तेव्हा तिचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. पुढे तिच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. त्या बाळंतपणाच्या कथेत आपण काय ऐकतो? कलेची निष्ठा ऐकतो. मला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. त्या रात्री सुपारी घेतलेली होती, आणि प्रयोग पुरा झाला नसता तर फडाच्या बिदागीचा प्रश्न उभा राहिला असता. आमच्या येथील कोणत्याही कचेरीत प्रसूतीची रजा भरपगारी मिळते, म्हणून आपल्याला ही बाजू दिसत नाही.

आता गावाचे नाव न सांगण्याचे कारण.

तीन वर्षांपूर्वी रजा-प्रवास सवलत घेऊन मी जत्रेस गावी गेलो होतो. जत्रा कमिटीने मला नारायणगावी बरोबर नेले, कारण मी ‘सेंट्रलमध्ये’ आहे आणि कागद चांगला लिहितो अशी गावात ख्याती आहे. चार राहुट्या पालथ्या घालून आम्ही एक लहान हंगामी फड ठरवला. त्याच्या मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या, एकेकाळी स्वतः नाचलेल्या. भाव ठरला, विसार दिला, आणि कागद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो मनापासून लिहिला. निविदांचे मसुदे करण्याचा सराव असल्याने एक कलम आपोआप लेखणीतून उतरले: ‘प्रयोग रात्रौ आठ वाजता सुरू करून वगासह संपूर्ण करण्यात यावा, कोणत्याही कारणाने अपुरा राहिल्यास उर्वरित रकमेतून प्रमाणात कपात करण्यात येईल.’ ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द लिहिताना मला लहानसे समाधानही वाटले. कचेरीत ते शब्द सुटले तर लेखापरीक्षक आक्षेप घेतो.

जत्रेच्या रात्री फड वेळेवर आला. मंच उभा राहिला, दिवे लागले. पण पालखीला उशीर झाला. पालखी देवळात पोचल्यावर शोभेचे दारूकाम झाले. मग मंचावर पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. नारळ, शाल, फेटे आणि प्रत्येकाची दोन शब्दांची भाषणे. साडेआठ झाले, नऊ झाले. नटमंडळी रंग लावून ट्रकच्या आडोशाला बसून होती. सव्वानऊला गण सुरू झाला. गौळण उरकली, बतावणीला हशा आला, वगाचा राजा नुकता दरबारात आला आणि ठाण्याचा शिपाई कमिटीच्या अध्यक्षांजवळ येऊन उभा राहिला. दहा वाजले होते. ध्वनिक्षेपक बंद झाला. हजारभर माणसांपुढे ध्वनिक्षेपकाशिवाय वग करता येत नाही. राजाने दोन वाक्ये घशाच्या जोरावर म्हटली आणि हात जोडले.

सकाळी हजेरी झाली. म्हणजे दिवसा उजेडी देवळापुढे पुन्हा नाच-गाणे झाले, ज्याला कागदात वेगळी रक्कम नव्हती. त्यानंतर हिशेब. कमिटीने माझा कागद काढला, माझे कलम वाचले आणि उरलेल्या रकमेतील निम्मी कापली. मी म्हणालो, “पण उशीर आपल्यामुळे झाला, अण्णा.” अण्णा म्हणाले, “तूच लिहिलंयस ना, कोणत्याही कारणाने?” मालकीणबाईंनी कागद हातात घेऊन पाहिला. त्या भांडल्या नाहीत. त्यांना संध्याकाळपर्यंत चाळीस मैलांवरच्या गावात मंच उभा करायचा होता, गाडी चालू होती. कागद परत देताना त्या मला एवढेच म्हणाल्या, “अक्षर लई झाक हाय, साहेब.”

गावचे लोक दुष्ट नव्हेत. हा पैसा घरटी वर्गणीचा होता आणि तो वाचवणे हे त्यांना कर्तव्यच वाटले. नाव न सांगण्याचे कारण एवढेच की चूक कागद लिहिणाऱ्याची होती, गावाची कमी. फडावर अन्याय करण्यासाठी दुष्टपणा लागत नाही. एक सुबक मसुदा पुरतो. फिरता फड दाद मागणार कोठे? करार मोडला एका तालुक्यात, दुसऱ्या दिवशी फड दुसऱ्यात, आठवड्याने तिसऱ्यात. न्यायालयाची पायरी चढायची तर हंगाम बुडवावा लागतो, आणि हंगाम तर दोन महिन्यांचा.

दहाच्या नियमाविषयीही बोलले पाहिजे, कारण या नियमाचे आपण सर्व सुशिक्षित अभिमानी आहोत. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य. २००२ साली त्यात सवलतीची तरतूद झाली: सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकारने वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी द्यावी. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम आणि सवलत दोन्ही मान्य केली. नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना झोप हवी, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारून घरांच्या काचा हादरवणारी मिरवणूक मला पुढाऱ्यांहूनही अप्रिय आहे. प्रश्न पंधरा दिवस कोणते, हा आहे. ते जिल्ह्यासाठी एकगठ्ठा जाहीर होतात, आणि गणेशोत्सव, नवरात्र अशा सर्वांच्या सणांत बहुतेक खर्ची पडतात. जत्रा मात्र सर्वांची एका दिवशी नसते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. जिल्ह्याच्या कोणत्याही पंधरा दिवसांच्या यादीत दीड-दोन महिने पसरलेल्या शेकडो गावांच्या जत्रा बसूच शकत नाहीत. म्हणजे सवलत आहे, ज्याच्यासाठी असावी तो कलाकारही आहे, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. प्रत्येक गावाच्या बाबतीत त्याची स्वतःची जत्रेची एक रात्र त्या पंधरांपैकी एक धरावी, एवढी दुरुस्ती सुचवायला विद्वान लागत नाही. कोणत्याही गावाला वर्षाकाठी पंधराहून अधिक रात्री जागावे लागणार नाही, आणि फडाला वग पुरा करण्यास दोन तास मिळतील. वाचकांपैकी काही जण अशा टिपण्या लिहिण्याच्या जागी बसलेले आहेत, म्हणून मी हे येथे लिहितो. व्याख्यानाच्या शेवटी आभारप्रदर्शनात हे बोलता आले नसते.

त्यातच लोकसभेच्या निवडणुका. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी त्या एप्रिल-मे महिन्यांत आल्या. आचारसंहिता, बंदोबस्त, परवाने. पोलिसांना जत्रेसाठी मनुष्यबळ नाही आणि फडाला दुसरा हंगाम नाही. आम्हा केंद्र सरकारी नोकरांना निवडणुकीच्या कामाचा भत्ता मिळतो, हे ओघात नमूद करतो.

आणि भत्त्यावरून आठवले. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. फडमालकांनी कलावंतांना द्यायची उचल कर्ज काढून देऊन ठेवलेली, आणि ज्या आठवड्यात सुपाऱ्या ठरायच्या त्याच आठवड्यात देश बंद झाला. २०२१ साली पाडवा आला आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध लागले. दोन उन्हाळे गेले. दोन उन्हाळे जाणे म्हणजे हंगामी फडाच्या दृष्टीने दोन वर्षांचे सारे वेतन जाणे. त्या काळात आपण काय करीत होतो? घरी बसून महिन्याच्या अखेरीस पूर्ण पगार घेत होतो, आणि गोठवलेल्या महागाई भत्त्याचे अठरा महिने मोजत होतो. त्या अठरा महिन्यांचा विषय आजही चहाच्या वेळी निघतो. मीही त्यात हिरिरीने भाग घेतो. फडाच्या दोन वर्षांचा हिशेब कोणत्या चहाच्या वेळी निघाल्याचे मला आठवत नाही.

आपण जेथे राहतो तेथे डोळे उघडे ठेवले तर वेगळे काही दिसते. कोलकात्यात चितपूरच्या रस्त्यावर बंगाली ‘जात्रा’ कंपन्यांच्या गाद्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येक आपल्या नावापुढे बेधडक ‘ऑपेरा’ लावतात. रथयात्रेच्या दिवशी तेथे नव्या खेळांच्या घोषणा होतात, वर्तमानपत्रांत जाहिराती येतात आणि गावोगावचे लोक नोंदणीसाठी येतात. दुर्गापूजेपासून हंगाम सुरू होतो. नारायणगावच्या राहुट्या आणि चितपूरच्या गाद्या ही सख्खी भावंडे आहेत. गंमत अशी की शब्दही एकच. आपली जत्रा म्हणजे ज्यात नाटक होते ती. त्यांची जात्रा म्हणजे ते नाटकच. बंगाली भद्रलोकांनीही या नाटकाला कमी नाके मुरडली नाहीत. पण १९६८ च्या सुमारास उत्पल दत्तांसारखा शहरी रंगभूमीचा अग्रणी जात्रेसाठी लिहू लागला आणि दिग्दर्शन करू लागला, ते जात्रेचे जतन करण्यासाठी नव्हे, जात्रेच्या प्रेक्षकांशी बोलण्यासाठी. आता जात्रेचे दिवसही पूर्वीचे राहिलेले नाहीत, हे मान्य. तरी चितपूरच्या गादीवर बसलेल्या गृहस्थाला कोणी ‘तुमची लोककला टिकली पाहिजे’ असे सांगितले, तर तो नोंदणीची वही पुढे करून विचारील, तारीख कोणती हवी?

आपली मंडळे सुवर्णमहोत्सवाला लावणीचा संच विमानाने आणतात, वातानुकूलित सभागृहात एक तासाचा निवडक कार्यक्रम करतात, आणि त्याला ‘अस्सल मातीतले’ म्हणतात. लावणी ही तमाशाचा एक भाग आहे. सबंध नाटक वगात असते. नाटक कापून नाच तेवढा आणणे म्हणजे किर्लोस्करांच्या कंपनीला बोलावून पदे तेवढी म्हणायला लावण्यासारखे आहे. ज्यांना फडाविषयी खरोखर आस्था आहे त्यांनी एखाद्या वर्षी हंगामी फडाला पुरी सुपारी द्यावी, सगळी रक्कम आधी द्यावी, आणि वग शेवटापर्यंत पाहावा. वग कंटाळवाणा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. नाटकाला कंटाळवाणे म्हणणे हा नाटक म्हणून त्याचा सन्मान आहे. वारशाला कोणी कंटाळवाणे म्हणत नाही.

यंदा जत्रेचा कागद गावाहून पुन्हा माझ्याकडे मसुद्यासाठी आला. मी कलम बदलून पाठवले: ‘प्रयोग ठरल्या वेळी सुरू करण्याची जबाबदारी गावाची राहील; गावाच्या विलंबाने अथवा शासकीय आदेशाने प्रयोग थांबल्यास ठरलेली संपूर्ण रक्कम देय राहील; संपूर्ण रक्कम सुपारीच्या वेळीच फडाच्या बँक-खात्यात जमा करण्यात यावी; सकाळच्या हजेरीची बिदागी वेगळी.’ कमिटीचे उत्तर दूरध्वनीवर आले. एवढी जोखीम गावाने कशासाठी घ्यावी, असे अण्णांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, “अण्णा, आठ वाजता सत्कार आटोपा, म्हणजे जोखीमच नाही.” ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, यंदा पाहुण्यांची यादी मोठी आहे. कागद अजून सहीविना त्यांच्याकडे आहे, आणि पाडवा तीन आठवड्यांवर आला आहे.